सही केलेला कोरा कागद

"पण चिठ्ठीत लिहायचं काय?" अप्पांनी विचारलं.

नागनाथ गडबडला. चिठ्ठी मागायला आलेल्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा.

"सगळ्यांना लिहिता तेच, अप्पा. आपल्या मठाचा माणूस आहे, होतकरू आहे, सोय व्हावी."

"सगळ्यांना हेच लिहितो होय मी?"

"हेच लिहिता."

"बरं झालं सांगितलंस," अप्पा म्हणाले, आणि पुढ्यातल्या सुपातली तुरीची डाळ निवडू लागले.

अप्पा मठाचे स्वामी. मठात लोक दोन गोष्टींसाठी यायचे. एक विभूती आणि दुसरी अप्पांची चिठ्ठी. विभूती संध्याकाळपर्यंत पुसली जायची. चिठ्ठी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत टिकायची. अप्पांच्या चिठ्ठीवर कुणी शाळेत शिपाई झालं होतं, कुणी पतपेढीत चिकटलं होतं, कुणी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलं होतं.

नागनाथला लहानपणी लिंगदीक्षा दिली ती अप्पांनीच. म्हणून तो हक्कानं आला होता. हक्कानं आला होता आणि तरी उंबऱ्याशी दहा मिनिटं चपला काढत उभा होता, हे खांबाला टेकून बसलेल्या अंबिकेनं पाहिलं होतं.

अंबिका त्याची बायको. लग्नाला पाच महिने झाले होते.

लग्नाच्या पत्रिकेत नागनाथच्या नावापुढं कंसात 'पॅनमन' असं छापलं होतं. साखर कारखान्यात उसाचा रस ज्या अजस्र भांड्यात आटवतात आणि साखरेचा दाणा धरतात ते पॅन. ते सांभाळणारा तो पॅनमन. कारखाना बंद आहे हे मात्र कंसात नव्हतं, कंसाबाहेरही नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, "यंदाच्या दसऱ्याला बॉयलर पेटतोय." ते खोटं नव्हतं. फक्त ते वाक्य चार वर्षं जुनं आहे, हे अंबिकेला सासरी आल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी लोक नागनाथला विचारायचे, "काय, लागलं का कुठं?" दुसऱ्या वर्षी त्याच्या आईला विचारायला लागले. आता कुणी विचारत नव्हतं. तो रोज दहाला दाढी करून एसटी स्टँडवर जायचा, तिथल्या बाकावर पेपर वाचायचा आणि एकला जेवायला परत यायचा. वेळेच्या बाबतीत चोख होता.

आता नदीपलीकडच्या कारखान्यात पॅनमनची एक जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत. तिथले चेअरमन अप्पांच्या शब्दाबाहेर नव्हते.

आणि अंबिकेच्या वडिलांचा फोन आला होता. दसऱ्याला न्यायला येतो म्हणाले. त्याचं काम लागलं की आणून सोडतो, म्हणाले. आवाज एकदम मऊ होता. म्हणूनच घरात त्या फोनबद्दल कुणी काही बोललं नाही.

"अप्पा..." नागनाथ पुन्हा म्हणाला.

"ऐकायलो."

अप्पांची नजर अधू झाली होती. खडा समजून ते डाळ बाजूला टाकत होते, आणि खडे जपून ठेवत होते. अंबिकेनं सूप आपल्याकडं ओढलं. अप्पांनी ओढू दिलं.

"मला आता लिहिता येत नाही," ते म्हणाले. "ओळ ओळीवर चढते. तू लिही. मी सही करतो."

त्यांनी उशाच्या पेटीतून मठाचं नाव छापलेला कागद काढला. पेन मागितलं. बोटानं कागदाची खालची कड चाचपली, आणि काही लिहिलेलं नसतानाच तिथं सही केली. वेडीवाकडी, पण पूर्ण नावाची.

मग कागद नागनाथपुढं सरकवला.

"घे. आता वरती काय पाहिजे ते लिही."

नागनाथच्या तोंडावर हसू फुटलं. पाच महिन्यांत अंबिकेनं ते हसू पाहिलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं पेनचं टोपण काढलं.

"थांब," अप्पा म्हणाले. "कागद एकच आहे. आधी तोंडानं बोल. आणि खोटं नको. सही माझी आहे."

"खोटं कशाला लिहू? नागनाथ महालिंग बिराजदार हे अत्यंत कुशल पॅनमन आहेत."

"कुणी पाहिलं?"

"काय?"

"कुशल आहेस ते."

"आमच्या चीफ केमिस्टनं पाहिलं. ते म्हणायचे, नाग्याच्या हातचा दाणा चाळणीला लावायची गरज नाही."

"कुठं असतात ते?"

"वारले. दोन वर्षं झाली."

"आणखी?"

"हाताखाली मदतीला एक खलाशी होता. तो आता टेंपो चालवतो. हाक मारली तर थांबत नाही, भाडं असतं त्याला." नागनाथ जरा थांबला. "सगळ्या नोंदी ऑफिसात आहेत. ऑफिसला कुलूप आहे."

"म्हणजे पाहिलेलं कुणी उरलं नाही."

"मी आहे की!"

"तू आहेस," अप्पा म्हणाले. "पण सही माझी आहे."

नागनाथनं पेन या हातातून त्या हातात घेतलं.

"मग लिहितो, कष्टाळू आहेत."

"काल काय कष्ट केलेस?"

"काल..."

मठाच्या मागं कुणीतरी घागर विसळत होतं. ते विसळून झालं.

"काल ज्वारी दळून आणली."

"ते लिही."

"अप्पा, चेष्टा करता काय? चेअरमनला काय करायचंय माझ्या ज्वारीचं?"

"खरं आहे ना?"

"खरं आहे म्हणून काय मठाच्या कागदावर लिहायचं?"

"एवढ्या वर्षांत लिहिलं नाही," अप्पा म्हणाले. "म्हणून विचारलं."

अंबिकेनं एक खडा काढून बाजूला ठेवला. ती गालात हसली असेल तर ते सुपालाच माहीत.

"मग माझ्याबद्दल काय लिहायचं तेवढं सांगा," नागनाथचा आवाज चढला. "गरजू आहे असं लिहू? नाही लिहिणार. मी भीक मागायला आलो नाही. पहिल्याच वर्षी मला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं होतं, असिस्टंट म्हणून. मी गेलो नाही. पॅनमननं असिस्टंट व्हायचं? आमचा कारखाना दसऱ्याला सुरू होणार होता."

"झाला?"

"नाही."

"मग?"

"पुढच्या वर्षी मीच असिस्टंटसाठी गेलो. म्हणाले, तुम्ही सीनियर, तुम्हाला कसं ठेवायचं? त्याच्या पुढच्या वर्षी खलाशाला गेलो. अप्पा, खलाशाला! तिथं एक पोरगेला साहेब होता. माझा दाखला उलटा सुलटा करून बघितला. म्हणाला, एवढी वर्षं हात पाकाला लागला नाही तुमचा, आता अंदाज राहिला असेल का?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, बघा की. एक पॅन द्या आणि बघा."

"दिलं?"

नागनाथनं मान हलवली.

नंतर तो कुणी विचारलं नसताना बोलायला लागला. आवाज उतरला होता.

"रस आधी नुसता पाणी असतो, अप्पा. उकळतो, आटतो, काही दिसत नाही. मग एक वेळ येते. मिनिटाचाच खेळ असतो. दांडीनं नमुना काढायचा, काचेवर घ्यायचा, उजेडाला धरायचा. तिथं धूळ पडल्यासारखं काहीतरी दिसतं. तो दाणा. एवढासा. तेव्हा धरला तर धरला. मग त्याला हळूहळू वाढवायचा. घाई केली की नवा बारीक दाणा पडतो आणि सगळं पॅन नासतं. काच नसली तरी मला कळायचं. असं..."

त्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली आणि सावकाश लांब केली. मधे एक तार असल्यासारखी तो तिच्याकडं बघत राहिला.

अंबिकेला ती हालचाल पाठ होती. चहाच्या बशीत सांडलेल्या थेंबावर, पाहुण्यांच्या घरच्या बुंदीवर, आजारी आईच्या औषधावर सुद्धा त्याची बोटं तशीच चालायची. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिला वाटलं होतं, नवऱ्याला घरातलं सगळं चिकट वाटतं की काय.

"लिही की हे," अप्पा म्हणाले.

नागनाथनं पेन टेकवलं. टोक कागदावर तसंच राहिलं. शाईचा एक ठिपका उमटला.

"येत नाही," तो म्हणाला. "बोलताना येतं. लिहायला गेलं की... दुसऱ्याच कुणाचं वाटतं."

पेन त्यानं खाली ठेवलं. फार हळू ठेवलं.

"अप्पा, खरं सांगू? मला स्वतःलाच आता खात्री नाही. रात्रंदिवस म्हणतो, एक पॅन द्या, बघा. आणि सोमवारी खरंच दिलं तर? नाही आला दाणा तर?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आत्तापर्यंत निदान कुणी बघितलं तरी नाही."

नागनाथचे खांदे हलले. आवाज आला नाही. अंबिकेनं सुपाकडंच बघत राहायचं ठरवलं. माणसाला रडू येतं तेव्हा बघणाऱ्यानं हाताला काम लावून घ्यावं, तेवढाच त्याला आडोसा होतो, असं तिला वाटे.

थोड्या वेळानं अप्पांचा हात पुढं आला. कागद चाचपत त्यांनी तो उचलला आणि खांबाच्या दिशेनं धरला.

"लेकी."

अंबिका दचकली. इतका वेळ तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

"तू लिही."

"मी?"

"शिकलेली आहेस ना?"

"बी.ए. आहे. पण अप्पा, मला कारखान्यातलं काय कळतं?"

"कारखान्यातलं नको. याच्याबद्दल. तुला जे खरं ठाऊक आहे ते."

"तिला काय ठाऊक असणार?" नागनाथ नाक पुसत म्हणाला. "पाच महिने झालेत."

"म्हणून तर," अप्पा म्हणाले.

अंबिकेनं पदराला हात पुसले. कागद मांडीवर घेतला. शाईच्या ठिपक्याकडं बघितलं. मग त्या ठिपक्यापासूनच सुरुवात करून तिनं लिहिलं. फार वेळ लागला नाही. शाळेत निबंधाला सुद्धा ती सगळ्यात आधी वही द्यायची आणि कमी मार्क मिळवायची.

"वाच," अप्पा म्हणाले.

तिनं वाचलं नाही. कागद नागनाथकडं दिला.

नागनाथनं मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य झाल्यावर त्याला कळलं की आपण मोठ्यानं वाचतोय.

"मी यांना काम करताना कधी पाहिलेलं नाही..."

तो थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर देवळीतला पारवा फडफडला आणि पुन्हा बसला.

"पुढं?" अप्पा म्हणाले.

"पुढं..." नागनाथनं कागद जवळ धरला. "मला पाहायचं आहे."

"झालं?"

"एवढंच आहे."

"शुद्धलेखन बरोबर आहे का?"

"आहे."

"मग झालं."

"काय झालं, अप्पा!" नागनाथ उठून उभा राहिला. "ही चिठ्ठी चेअरमनपुढं ठेवू? बायकोच्या अक्षरात, तुमच्या सहीवर लिहिलंय, यांना काम करताना पाहिलं नाही! अख्खं ऑफिस हसेल. शिपायापासून सगळे हसतील."

"हसतील," अप्पा म्हणाले.

नागनाथनं कागद फाडायला दोन्ही हातांत धरला. खाली अप्पांची वेडीवाकडी सही होती. वर अंबिकेचं बारीक, सरळ अक्षर. मधे बोटभर मोकळी जागा. त्याचे हात तसेच राहिले.

मग त्यानं ते पुन्हा वाचलं. या वेळी मनात. पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त वेळ थांबला.

"तुझे वडील येणारेत ना दसऱ्याला?" त्यानं विचारलं. नजर कागदावरच होती.

"येतील की," अंबिका म्हणाली. "पुरणपोळी खातील आणि जातील."

तो खाली बसला. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. दाखल्याची प्लॅस्टिकची पिशवी शेजारीच पडली होती, पण त्यात ठेवली नाही.

मग वाकून अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. अप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाचं डोकं पुसावं तसा.

उंबऱ्यापाशी जाऊन तो वळला. अंबिका त्याच्या चपला शोधत होती.

"अप्पा."

"बोल."

"सोमवारी नाही झालं तर... यंदाही नाही झालं, तर?"

अप्पांनी अधू डोळे त्याच्या आवाजाकडं वळवले.

"कागदावर," ते म्हणाले, "मी तारीख घातलेली नाही."