आव्याजवळचा पाळणा

वाराणसीच्या गादीवर एक भोळा राजा होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या वैद्यकुळात जन्म घेतला होता. माळावरच्या गवळ्यांची मुले हिवाळ्यात फारशी खोकत नाहीत, हे पाहून त्याने त्यांचे विरजण घरी आणले. "या दह्यात गुण असावा," असे तो एकदा बोलून गेला. लोकांनी त्यातला 'असावा' तेवढा गाळला. दिवेलागणीनंतर विरजण देऊ-घेऊ नये हा नेमही विसरून बायका त्याच्या दारी रीघ लावू लागल्या.

कुंभारीण उत्पला त्यांतलीच. तिचा तान्हा तिस्स थंडीत धापा टाकी, छातीतून शीळ वाजे. मडकी भाजायच्या आव्याचा धूर लागू नये म्हणून वैद्याच्या सांगण्यावरून ती पाळणा परसात बांधी. त्यातच नंदिय व्यापाऱ्याने तिला दह्याची गाडगी घडवायचे मोठे काम दिले. गाडग्यांवर वैद्याचा शिक्का मारून तो ते दही गावोगाव विकणार होता. मूल नजरेसमोर राहावे म्हणून उत्पलाने पाळणा आव्याजवळ आणला. दही रोज पोटात जात होते, आता कसली भीती?

आवा पेटला त्याच सकाळी तिस्साचे ओठ निळे पडले.

ती धावत वैद्याकडे गेली. नंदिय तिथेच शिक्क्यासाठी बसला होता. बोधिसत्त्वाने मुलाला मोकळ्या हवेत उभे धरले, औषध दिले. दुपारी कुठे श्वास ताळ्यावर आला.

"पाळणा आव्याजवळ आणला खरा, पण दही एक दिवस चुकवलं नव्हतं, वैद्यबाबा," उत्पला रडत म्हणाली.

बोधिसत्त्व खिन्न झाला. "गवळ्यांची मुलं माळावर वाढतात, बाई. तिथं धूर नाही. गुण दह्याचा की वाऱ्याचा, मला ठाऊक नाही."

"ते बोलू नका म्हणजे झालं," नंदिय म्हणाला. "लोकांना धीर येतो. राजाही तुम्हांला राजवैद्य करणार आहे."

"त्या धीरापायीच हा पाळणा आव्याजवळ गेला."

त्याने शिक्का दिला नाही. राजसभेतही तो तेच बोलला. राजवैद्यपद हातचे गेले, लोक हसले. पुढे कित्येक हिवाळे तो धुराच्या आणि माळावरच्या घरांतून हिंडत राहिला. कोणते मूल दही खाते, कोणते धापा टाकते, हे पाहत राहिला.

"मग विरजण टाकून देऊ?" त्या दिवशी निघताना उत्पलाने विचारले होते.

"टाकतेस कशाला? भाताबरोबर गोड लागतं. पाळणा तेवढा लांब ठेव."

एवढी कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा नंदिय म्हणजे आज वेशीवर ताईत विकणारा. उत्पला म्हणजे बाळाला तो ताईत बांधून इथे पुढे बसलेली उपासिका. आणि वैद्य मीच होतो. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे, हीही सत्यपारमिता."

उपासिकेने कुशीतले बाळ उचलले आणि तिथल्या धुमसत्या धूपदाणीपासून दूर जाऊन बसली.