मूळ चालींसह

“‘मूळ चालींसह’ हे दोन शब्द छापायचे की नाहीत, एवढंच सांगा मास्तर. पाच वाजता जाहिरातीचा मजकूर पेपरात जायचाय.”

प्राध्यापक श्रीनिवास हसबनीस मिरजेतल्या एका अरुंद माडीवर सतरंजीवर मांडी घालून बसले होते. मांडी घालायची सवय सुटली होती, ते दिसत होतं. खाली सतारींचं दुकान. वर आढ्याला वाळत टांगलेले भोपळे. भोपळ्यांखाली बाबालाल मास्तर.

मास्तरांचं वय त्र्याण्णव. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ‘संगीत चंद्रवलय’ रंगभूमीवर आलं, तेव्हा ऑर्गनवर ते होते. त्या संचातलं आता एवढं एकच माणूस शिल्लक होतं.

हसबनीसांनी त्या नाटकावर तीस वर्षं घालवली होती. प्रयोग कुठे झाले, कुणाला पडसं झालं, कोणत्या गावी पडदा अडकला, सगळं त्यांच्या नोंदग्रंथात होतं. बावन्न पदं, बावन्न स्वरलिप्या. ग्रंथाचं वजन दोन किलो. हे ग्रंथात लिहिलेलं नव्हतं, पण ते सांगत असत.

नाटकाच्या पंचाहत्तरीचा प्रयोग सांगलीत ठरला होता. जाहिरात कशी असावी यावरून रसिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा दिवस लढाई चालू होती. हसबनीसांचा पक्ष म्हणे, ‘मूळ चालींसह’ छापा. कुरुंदवाडच्या उपळेकरबाई म्हणत, पुरावा दाखवा, नाहीतर नुसतं ‘पदांसह’ छापा. दोघेजण रागावून ग्रुपमधून बाहेर पडले. त्यातले एक, आपल्या रागावण्यावर कुणी काय म्हटलं ते बघायला परत आले.

“तुमची सही हवी,” हसबनीसांनी कागद पुढे केला. “‘ग्रंथातील सर्व चाली मूळच्याच आहेत.’ खाली तुमचं नाव. म्हणजे बाईंचं तोंड बंद.”

“बाई म्हणतात काय?”

“म्हणतात, एकविसाव्या पदाची चाल त्यांच्या आजोबांनी वेगळीच ऐकली होती. आजोबांनी! उद्या म्हणतील, मांजरानं ऐकली होती.”

मास्तर हसले नाहीत.

“एकविसावं म्हणजे ‘तीर दिसेना’?”

“तेच. तीन-तीन वन्समोअर घेणारं.”

“आजोबांनी नाटक कधी पाहिलं?”

“पहिल्याच वर्षी, म्हणे.”

मास्तर खिडकीकडे बघत राहिले.

“मग ऐकली असेल...”

हसबनीसांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.

“म्हणजे?”

“तुम्ही ती चाल कुठनं घेतली, साहेब?”

“कंपनीच्या स्वरलिपीच्या पुस्तकातून. खुद्द मालकांनी छापलेल्या. त्याहून अस्सल काय असणार?”

“ते पुस्तक माझ्या हातचं. अक्षर बरं होतं माझं.”

“माहीत आहे. पान चौदावर नोंद आहे.”

“मालक म्हणाले, बाबालाल, एक्कावन्न पदं खरी लिही. एकविसाव्याला दुसरंच काहीतरी बसव. बाकीच्या कंपन्या पुस्तक विकत घेतात आणि महिन्याभरात आपलीच पदं गातात. ज्या पदासाठी लोक परत येतात, ते घरात राहू दे... मग मी बसवलं. एका दुपारी. पाय मुरगळला होता, पडून होतो.”

खाली दुकानात कुणीतरी तार चढवत होतं. स्वर वर वर जात होता. तुटेल असं वाटलं, पण तुटला नाही.

हसबनीसांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. माडीवर पंखा चालू होता.

एकविसाव्या पदावर त्यांच्या ग्रंथात चाळीस पानांचं प्रकरण होतं. त्या चालीतली आदिम करुणा त्यांनी अठरा गावांत समजावून दिली होती. तिचा उगम त्यांनी चौथ्या तळटिपेत एका लुप्त कीर्तनपरंपरेशी नेऊन भिडवला होता. मुरगळलेल्या पायाचा उल्लेख कुठेच नव्हता.

“पण रंगभूमीवर हीच चाल गायली गेली,” ते घाईनं म्हणाले. “मी स्वतः ऐकलीय. इचलकरंजीत. दहा वर्षांचा होतो, वडिलांच्या शेजारी बसलो होतो. ‘तीर दिसेना’ला वडील रडले. तोंड झाकायचंसुद्धा भान राहिलं नाही त्यांना. आमचे वडील, मास्तर! आजी गेली तेव्हा रडले नव्हते.”

“तोवर मालक गेले होते. पहिली नायिका संसाराला लागली. नवी आली, ती पुस्तकावरनं शिकली.”

“आणि तुम्ही?”

“वाजवलं.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“तिच्या पहिल्याच प्रयोगानंतर सांगणार होतो. तीन वन्समोअर पडले. मग कुणाला सांगणार, आणि काय?...”



“ती खरी चाल तुम्हाला येते?” हसबनीसांनी विचारलं. डॉक्टरांना रिपोर्टबद्दल विचारावं, तसा आवाज झाला होता.

“दोन वर्षं वाजवली. अजून रोज सकाळी मनात म्हणून बघतो, आहे का जाग्यावर. परवापासनं अंतऱ्यातली एक जागा सापडत नाही. तिथवर येतो आणि अंधारात पायरी नसावी तसं होतं... ही चाल दुसऱ्या कुणाला येत नाही, साहेब. मला भीती वाटते.”

त्र्याण्णव वर्षांच्या माणसानं हे साध्या आवाजात सांगितलं. त्यामुळे हसबनीस जास्तच घाबरले.

“ते यंत्र लावा तुमचं,” मास्तर म्हणाले. “आज म्हणतो. उद्याचं काय सांगावं?”

रेकॉर्डर समोरच होता. या रेकॉर्डरवर हसबनीसांनी तीस वर्षांत काय काय टिपलं होतं. प्रॉम्प्टरचा खोकला. एका नटाच्या विधवेच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. द्वाररक्षकानं मालकाला दिलेल्या शिव्या, तारीखवार.

अंगठा बटणावर ठेवला. तसाच राहिला.

“दाबा की.”

“मास्तर... ती चाल चांगली आहे का? छापलेल्यापेक्षा?”

“तुम्हाला कशी पाहिजे?”

हसबनीस मनाशी हिशेब मांडू लागले. चांगली असली, तर वडील एका आडवं पडून केलेल्या कामाला रडले. चांगली नसली, तर तीस वर्षं कशाच्या मागे धावलो? अंगठ्याला घाम आला होता.

“आधी सही करा,” ते म्हणाले. “मग ऐकतो.”

आपण काय बोललो, ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

मास्तरांनी कागद ओढून घेतला. पेनही घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. अक्षर अजून बरं होतं.

“घ्या. छापा ‘मूळ’. बाईंना दाखवा.”

“पण हे... हे खोटं आहे!”

“वडिलांना विचारा.”

हसबनीसांनी कागदाला हात लावला नाही. तीस वर्षांत एवढा मोठा पुरावा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता, आणि आता तो उचलायला बोटं तयार नव्हती. खिशात फोन थरथरला. पेपरवाल्यांचा असणार. तो थरथरून थरथरून थांबला. पुन्हा सुरू झाला.

मास्तरांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालू लागली. पट्ट्या तिथे नव्हत्या, तरी बोटं चुकत नव्हती. त्यांनी श्वास घेतला. छातीत घरघर झाली. ती थांबायची वाट पाहून त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

हसबनीसांनी दोन्ही हात वर नेले आणि कानांवर घट्ट दाबले.

“झाका, झाका,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “मी तुमच्यासाठी कुठं म्हणतोय?”