देवदूतांची सुट्टी

मेक्सिकोतल्या एका खेड्याचा राखणदार म्हणजे शेतकऱ्यांचा संत इसिद्रो. तो प्रार्थनेला बसला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरत, अशी गावाची श्रद्धा. त्याच्या सणाला आपल्या पोळ्यासारखे बैल सजत, संताची पालखी निघे आणि गडीमाणसं वर्षभराच्या घासाबद्दल त्याचे आभार मानत.

यंदा मात्र जमीनदार फाउस्तिनो पालखीलाच आडवा आला. "सुट्टीबिट्टी काही नाही!" तो गरजला. "एवढी भक्ती आहे ना? मग बोलवा ते देवदूत माझ्या शेतात. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

ढोल थांबले. त्याच्याच शेतावर राबणाऱ्या म्हाताऱ्या नेमेसिओनं हॅट काढली.

"बोलावलं होतं, मालक. पण नाही म्हणाले."

"का?"

"ते पडले इसिद्रोचे गडी. आज त्यांच्या मालकाचा सण. आणि त्यांचा मालक सणाला गड्यांना सुट्टी देतो."

गर्दीत खसखस पिकली. फाउस्तिनो ओशाळला आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी तो शेतावर पोचला, तर उन्हं चढायच्या आत निम्मं रान नांगरून तयार!

"देवदूत आले होते वाटतं?"

"आले ना, मालक," घाम पुसत नेमेसिओ हसला, "सुट्टीबद्दल तुमचे आभार मानायला."