गिरजेचा घोट

पाणी तपासायला आलेल्या मंडळींनी कानडगावच्या विहिरीत दोर सोडला, तर तो पंचवीस हातांवर दगडांना टेकला. ज्या गावाला पाणी पुरत नाही, त्यानं आपल्याच विहिरीत दगड का भरावेत? काठावरचे म्हातारे कोंडूजी बोढे मग सांगू लागले.

हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. वर थोडं गोडं पाणी, त्याखाली मिठाचं. फार मागे इथे गिरजा नावाची बाई होती म्हणे, विहिरी खोदणाऱ्याची विधवा. नुसता घोट घेऊन ती पाणी कोणत्या विहिरीचं ते सांगे. कापसाचा बाजार भरू लागला, तशी गावात चाळीस घरं नवी आली. उन्हाळ्यात घागर बुडेना. पाटलांनी विहीर खोल न्यायचं ठरवलं.

“पाटील, आणखी खोदू नका. खाली खारं हाये,” गिरजा म्हणाली.

“चाळीस घरं आली, गिरजाबाई. त्याइले काय तुमची जीभ पाजू?”

विहीर दहा हात खाली गेली आणि पाणी उसळलं. गावानं गूळ वाटला. महिनाभरात गिरजेच्या जिभेला खार लागला. बाकी कुणालाच लागला नाही. भरल्या घागरी घेऊन हसत जाणाऱ्या सुनांना काय सांगावं, तिला कळेना. तिची झोप उडाली.

शेवटी तिनं पण केला. “जे पाणी उद्या तुमची लेकरं पेतील, ते मी आज पेते.” उपसा झाला की ती तळाशी उतरे, नव्या झऱ्याच्या तोंडाशी तांब्या भरी आणि तेवढंच पिई. ओठ फुटले, पाय सुजले. चोविसाव्या दिवशी पाटलांनी तो तांब्या तिच्या हातून घेऊन तोंडाला लावला. त्यांना घोट गिळवेना. तळ बुजवायला पहिला दगड त्यांनीच उचलला. ते पाहायला गिरजा उरली नव्हती, असं सांगतात.

तीन पावसाळ्यांनी पाणी गोडं झालं, पण पूर्वीइतकंच. नवी घरं बहुतेक गाड्या भरून निघून गेली.

आजही अक्षय तृतीयेला गावातली सगळ्यांत वडील बाई चारचौघांदेखत या विहिरीचा घोट घेते. ती ‘गोडं’ म्हणाली, तरच त्या साली नव्या घराचा पाया खोदायचा. सध्या हा मान कोंडूजींच्या थोरल्या बहिणीचा, अनसूयाबाईंचा. गावाभोवती मात्र आता प्लॉट पडलेत, जागोजागी बोअर झालेत.

“औंदाही बाईनं घोट घेतला,” कोंडूजी म्हणाले, “अन् काही न बोलता घरी गेली. लोक जरासे थांबले. मग गेले पाये खोदाले.”