लाल धाग्याचे पिल्लू

एका माळरानावर एक धनगर आणि त्याची बायको मेंढरे राखून राहत होती. त्यांची कुत्री आता म्हातारी झाली होती. तिचे दात पडले होते, आणि ही बातमी कुणीतरी सांगितल्यासारखा लांडगा रोज आणखी जवळ येऊ लागला होता.

अशात कुत्री व्याली. पिल्ले झाली ती सगळीच काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी. डोळे मिटलेले, ठिपका म्हणून कुणाच्या अंगावर नाही. यातले एक कळपासाठी ठेवायचे आणि बाकीची शेजारच्या धनगराला द्यायची, असे ठरलेले होते.

धनगराने पाहिले, एक पिल्लू सरपटत सगळ्यांच्या आधी आईच्या आचळाशी पोचले. झाले! घोंगडीच्या काठाचा लाल धागा त्याने त्याच्या गळ्यात बांधला. बाकीच्यांना पांढरी लोकर.

"लाल धाग्याचं माझं," तो बायकोला म्हणाला. "लांडग्याला फाडून काढंल."

त्या दिवसापासून लाल धाग्याचे कौतुक सुरू झाले. मेंढीचे दूध त्याला, मांडी त्याला. ते शिंकले तरी धनगर म्हणे, "बघ, कसं गुरगुरतंय!" बायको मात्र बाकीच्या पिल्लांनाही गुपचूप दूध पाजायची, त्यामुळे सगळी सारखीच गुबगुबीत झाली. धनगराच्या ते ध्यानातही आले नाही. तो धाग्याखेरीज काही बघतच नव्हता.

पिल्ले धावू लागली तसा शेजारचा धनगर ती न्यायला आला. आपला धनगर बघतो तर एकाच्याही गळ्यात धागा नाही.

"धागं गळ्यात रुतत व्हतं," बायको म्हणाली. "मी सकाळीच कापलं. त्यात काय एवढं? तुमचं तुमी उचला की."

धनगर पुढे वाकला. याला उचलून बघ, त्याला उचलून बघ. इतके दिवस मांडीवर घेतलेले पिल्लू कोणते, हे त्याला सांगता येईना.

तेवढ्यात कळपातला एडका शिंगे रोखून तिकडे धावत आला. पिल्ले कुईकुई करत पांगली. एकच पिल्लू जागेवर उभे राहिले आणि एडक्यावर भुंकू लागले. एडका थबकला, मान वळवून परत गेला.

"ह्येच माझं!" धनगर ओरडला.

"कशावरनं?" बायकोने विचारले.

पाहुणा आलेला शेजारी हसून म्हणाला, "भांडायचं कशाला, दादा? तू दूध पाजायला बसतोस तसा बस आन् हाक मार. तुझं असंल ते यील."

धनगर वाटी घेऊन बसला. "ये, ये, ये!"

एडक्यावर भुंकणाऱ्या पिल्लाने मान वळवूनही पाहिले नाही. पण घोंगडीच्या ढिगाखाली लपलेले एक पिल्लू थरथरत बाहेर आले, धावत धनगराच्या मांडीवर चढले आणि दुधाकडे न बघता त्याचा हात चाटू लागले.

धनगर शरमला. पिल्लाने त्याला ओळखले होते. त्याला पिल्लू ओळखता आले नव्हते.

एक ठेवून बाकीची द्यायची, असा शब्द दिलेला होता. पाहुणा बाकीची पिल्ले घेऊन गेला आणि त्या वर्षी त्याच्या कळपातले एकही कोकरू लांडग्याच्या तोंडी पडले नाही. आपला धनगर मात्र हातात काठी घेऊन स्वतःच जागत बसे. भित्रे पिल्लू त्याच्या पायाशी झोपलेले असे. आता त्याच्या गळ्यात धागा नव्हता, पण त्याचा डावा कान जरासा मुडपलेला आहे, हे धनगराच्या हाताला अंधारातही कळत असे.

तात्पर्य: खूण जरूर बांधावी, पण खूण पाहिली म्हणजे ओळख झाली, असे समजू नये.