करुणादेवीचा उजवा हात

'सुवर्णलेप' म्हणजे सोन्याचा पत्रा चढवणे नव्हे. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा तांब्याच्या मूर्तीला माखतात आणि मूर्ती विस्तवावर धरतात. पारा वाफ होऊन उडतो, सोने मागे राहते. ती वाफ विषारी असते. म्हणून हे काम उघड्या अंगणात, वारा पाठीशी घेऊनच करण्याचा कारागिरांचा दंडक आहे.

पूर्वी शंखपुरात धृतवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांबटांच्या कुळात जन्मले आणि शीलगुप्त या नावाने राजाचे मुख्य मूर्तिकार झाले. राजाने त्यांच्याकडून करुणादेवीची ताम्रमूर्ती घडवून घेतली. तिच्या डाव्या हातातील कमळ म्हणजे चिखलात राहूनही न मळलेले मन. खाली सोडलेला, उघड्या तळव्याचा उजवा हात म्हणजे दान.

या उजव्या हाताखेरीज साऱ्या मूर्तीला लेप चढला, तोच अंगणातून सोने चोरीस जाते असा संशय राजाच्या मनात शिरला. त्याने आज्ञा केली, "उरलेले काम बंद दालनात, दारांना मुद्रा लावून व्हावे. उद्या सायंकाळपर्यंत न झाल्यास मुख्य मूर्तिकाराला दंड होईल."

लेप चढवणाऱ्या रोहकाचे हात पाऱ्याने आधीच कापत असत. तरी तो लगद्याचे भांडे उचलून दालनाकडे निघाला. बोधिसत्त्व आडवे आले.

"रोहका, त्या दालनातून तू जिवंत यायचा नाहीस."

"दात पाऱ्याने केव्हाच नेले, आचार्य. आता न्यायला उरलंय काय? आणि तुम्हालाच दंड झाला, तर आमच्यावर ओरडणार कोण?"

बोधिसत्त्वांना हसू आले; पण भांडे त्यांनी काढून घेतले आणि मूर्ती होती तशीच राजसभेत नेली.

राजा संतापला. "देणारा हातच उघडा ठेवलास?"

"महाराज, हा हात सोन्याचा करायला एका माणसाचा प्राण घ्यावा लागेल. मग याला देणारा हात कोणत्या तोंडाने म्हणावे?"

राजाने आज्ञाभंगासाठी बोधिसत्त्वांना नगराबाहेर घालवले आणि बंद दालनाची आज्ञा मागे घेतली.

तेव्हाचा राजा तो आजचा भिक्षू आनंद. रोहक तो आज कश्यप स्थविर म्हणून संघात आहे. आणि शीलगुप्त तो मीच, असे शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितले. ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.

तो हात आपोआप सोन्याचा झाला व राजा बोधिसत्त्वांच्या पाया पडला, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. बोधिसत्त्व पायी नगर सोडून गेले, राजाने तो हात तांब्याचाच राहू दिला, आणि रोहक म्हातारा होऊन वारला.