सरकव की उंबरा

“शून्य लावलं की दहापट, हे पोरांना तूच शिकवलंस ना? मग पोरीनं २.५ च्या शेवटी शून्य लावलं, तर तिला दगड कशाला म्हणालीस?”

“अहो आक्का, दशांशात ते चालत नाही!” शलाका उंबऱ्यावर उभी राहून तणतणत होती. “तिथं टिंब सरकवायचं असतं. घसा फोडून सांगितलंय!”

बायजाक्कांनी उभी हयात गावच्या शाळेत खडू झिजवला होता. शलाका त्यांच्याच हाताखाली शिकून बाई झालेली. पण आज ती विचारायला नव्हे, सांगायला आली होती... पाचवीचा वर्ग सोडते म्हणून.

कारण बाहेर ओटीवर फुरंगटून बसलं होतं. वेणू. वर्गातून पळाली ती थेट इथं. शाळेचं नाव काढू देईना.

“टिंब सरकवायचं काय?” आक्का उठल्या. एका पाटीवर दोन लिहिले, ती स्वतः धरली. दुसरीवर पाच लिहून वेणूच्या हातात दिली.

“मी उंबऱ्याच्या आतल्या पहिल्या फरशीवर. तू बाहेरच्या पहिल्या. वाच.”

“दोन... पूर्णांक पाच दशांश.” वेणूनं नाक ओढलं.

“टिंब कुठाय?”

“उंबरा.”

“हं. शलाका, दहापट कर.”

शलाकानं पायाखालच्या उंबऱ्याकडे पाहिलं.

“अगं, सरकव की उंबरा! का सुतार बोलावू?”

वेणू फिस्सकन हसली.

“वेणे, एकेक फरशी आत सरकायचं. चल.”

“कशी येऊ? मध्ये बाई उभ्या आहेत...”

चटका बसावा तशी शलाका बाजूला झाली.

आक्का एक फरशी आत गेल्या. त्यांच्या मागोमाग वेणूचे पाच उंबरा ओलांडून घरात आले.

“पंचवीस!” वेणू ओरडली.

“आणखी दहापट.”

दोघी पुन्हा एकेक फरशी आत. वेणूनं मागं वळून पाहिलं. उंबऱ्याजवळची, एककाची फरशी रिकामी.

“बाई... दोनशे पन्नास! शून्य कुणी लावलंच नाही! आपण सरकलो, म्हणून ते मागं उरलं!”

शलाका त्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. ऊर इतका हलका झाला, की डोळेच भरून आले.

“वेणू, दगड मी होते गं. अर्धाच नियम दिला तुला.”

“उद्या वर्गात हे खेळायचं? पाच मीच होणार हं, बाई!” म्हणत वेणू दप्तर घ्यायला पळालीसुद्धा.

शलाका निघाली. उंबऱ्यावर पाय दिला आणि तिथंच थबकली.

“आक्का, मग तो वर्ग... ठेवू, की सोडू?”

आक्का पदरानं पाट्या पुसत होत्या.

“टिंबावर कधी अंक बसलाय का? आत ये, नाहीतर बाहेर हो.”